उभ्या घडीची नोट

"बाई, माझे राहिले हो. बाई, सुटे राहिले."

बावीस वर्षं झाली या आवाजाला. सुतासारखा बारीक, धापेनं मधेच तुटणारा आणि तुटल्या जागी पुन्हा गाठ मारून पुढे येणारा. फाट्यावर उतरलेली एक म्हातारी होती. एक हात डोक्यावरच्या टोपलीला, दुसरा गाडीच्या पत्र्यावर. थप, थप, थप.

मी तेव्हा कंडक्टर होते. सकाळच्या पहिल्या फेरीला सुटे पैसे कधीच पुरत नसत. मग राहिलेली रक्कम आम्ही तिकिटाच्या मागे लिहायचो आणि भोवती एक गोल काढून द्यायचो. उतरताना तिकीट दाखवा, पैसे घ्या. ज्याला आठवलं त्याला मिळाले, ज्याला नाही आठवलं त्याचे आमच्या कातडी पिशवीत राहिले. म्हातारीला आठवलं, पण उतरल्यावर.

तो आवाज मी ऐकला. गाडीला उशीर झाला होता. शिवाय पिशवीत तेवढेच पैसे कमी येत होते, हेही मला ठाऊक होतं. मी दोरी ओढली. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. मी दोन दिल्या.

पुढच्या बाकावर माझ्या वहिनी बसल्या होत्या, माहेरी निघालेल्या. त्यांनी मान वळवून विचारलं, "वन्सं, कुणी हाक मारली का?"

"नाही हो. पत्रा वाजतोय. गाडी म्हातारी झाली."

वहिनी हसल्या आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या. संध्याकाळी डेपोत पिशवी रिकामी केली तर हिशेब तंतोतंत जुळला. त्या दिवशी मला भूक लागली नाही, एवढंच. पुढे लागायला लागली. माणसाला सगळ्याची सवय होते.

*

दादा जाऊन चार वर्षं झाली तेव्हा भाचीनं आम्हा दोघींना बोलावून घेतलं. तिला त्या परक्या देशात नोकरी लागली होती. विमानाची तिकिटं तिची, राहायला जागा तिची. वरखर्चाचे पैसे मात्र वहिनींनी स्वतःचे घेतले. शाळेचे गणवेश शिवून साठवलेले, एकेका बाहीचे, एकेका काजाचे. "लेकीच्या पैशानं लेकीकडे फिरायचं म्हणजे पाहुणचार झाला," त्या म्हणाल्या. "मला प्रवास करायचाय."

आणि तो सगळा बटवा विमानतळावरच त्यांनी माझ्या हातात दिला. "खजिना तुमच्याकडे, वन्सं. मला आपल्याकडचे सुटे मोजतानाच घाम फुटतो, तिथले कुठून मोजू? तुमच्या हातात पैसा म्हणजे बँकेत पैसा."

मी बटवा कमरेला बांधला. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण कमरेला ते ओझं लागल्याबरोबर पाठ आपसूक ताठ झाली. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.

त्या देशात नोटांवर शून्यांची नुसती पेरणी होती. पहिल्या दिवशी एक चहा दहा हजारांना पडला. वहिनींनी कप तसाच हातात धरला. "वन्सं, हा पिऊ की लॉकरमध्ये ठेवू?" भाची हसून लोळली. मग तिनं टेबलावर नोटा मांडून आमचा वर्ग घेतला. दहा हजारांची हिरवी, वीस हजारांची निळी. पन्नास हजारांची तपकिरी, आणि पाच लाखांची, तीही तपकिरीच, फक्त बोटभर मोठी.

"आत्या, इथं घोळ होतो. माझापण एकदा झालाय. नीट शून्यं बघत जा."

"मला शिकवतेस? तीस वर्षं धक्के खात, अंधारात, एका पायावर उभी राहून नोटा घेतल्यात मी. बोटांना कळतं."

"बोटांना तिथल्या नोटा कळतात. या नव्या आहेत."

"नोट नोटच असते," मी म्हटलं.

"अगं, आत्याला काय सांगतेस," वहिनी म्हणाल्या. "तीस वर्षांत एक पैसा इकडचा तिकडे झाला नाही त्यांच्या हातून."

भाचीनं हात जोडले. मी नोटा उचलल्या आणि माझ्या पद्धतीनं लावल्या. आम्हा कंडक्टर लोकांची एक घडी असते. नोट लांबीला मधोमध दुमडायची, पट्टीसारखी करायची, आणि एकेका किमतीची पट्टी एकेका बोटाच्या बेचक्यात अडकवायची. गर्दीत पिशवी उघडावी लागत नाही, हात पुढे केला की गल्ला तयार. बटव्यातही मी नोटा तशाच पट्ट्या करून ठेवल्या. वहिनी कौतुकानं बघत होत्या. "कशी इस्त्री केल्यासारखी घडी."

त्या घडीनंच माझा घात केला. त्या देशात नोटेच्या कडेला आकडा उभा छापतात, वरून खाली, एकाखाली एक शून्य. नोट लांबीला दुमडली की वरचा पाच दिसतो, त्याखालची दोन शून्यं दिसतात, आणि बाकीची घडीच्या पोटात जातात. पन्नास हजारही तसेच, पाच लाखही तसेच.

*

चौथ्या दिवशी आम्ही एका मोठ्या बागेत गेलो. परतताना वहिनींचा गुडघा बोलायला लागला, म्हणून भाड्याची गाडी केली. दिवे लागायची वेळ होती. भाचीच्या गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबली, भाडं झालं चाळीस हजार. मी ऐटीत बेचक्यातली पट्टी काढून पुढे केली. चालकानं ती घेतली, दहा हजारांची हिरवी नोट परत दिली, मान लववली आणि निघून गेला. त्यानं तरी घडी उलगडून पाहिली होती की नाही, कोण जाणे.

खोलीत येऊन बटवा आवरायला बसले. वहिनी आत पाय शेकत होत्या. पन्नास हजारांची पट्टी जागच्या जागी होती. पाच लाखांची एक नव्हती.

मी बटवा उलटा केला. पदराच्या टोकात पाहिलं. चपला झटकल्या. जे बोटांना तेव्हाच कळायला हवं होतं ते मला आता कळत होतं, हळूहळू, भिंतीत ओल चढावी तसं. पाच लाख. ते आमच्याकडचे किती होतात याचा हिशेब मी रुपयांत केला नाही, गणवेशांत केला. अकरा गणवेश. काजं-बटणांसकट.

आतून वहिनींनी विचारलं, "झाला का हिशेब?"

आत जाऊन सांगायचं होतं. एका वाक्याचं काम होतं: वहिनी, मी चुकले, मोठी नोट दिली. वाक्य ओठांपर्यंत आलंही. पण 'एक पैसा इकडचा तिकडे नाही' हे तीस वर्षांचं पांघरूण अंगावर होतं, आणि ते काढलं की खाली काय आहे ते मलाच बघायचं नव्हतं.

"झाला," मी म्हणाले.

"मग एक विचारू का?" त्या दाराशी आल्या. चेहरा लहान मुलीचा. "त्या कोपऱ्यावरच्या दुकानात कात्री बघितली ना आपण. काळ्या मुठीची. साडेचार लाखांची. एवढा सगळा खर्च जाऊन तेवढे उरतील का हो शेवटी? नसतील तर राहू दे. माझी जुनी आहेच. फक्त टोकाला खाते कापड."

"उरतील," मी म्हणाले. "कात्री घ्यायचीच."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वहिनींचे उरलेले पैसे बदलून घ्यायला गेलो. पैसे बदलायची खिडकी बाजाराच्या रस्त्याला होती, औषधाच्या दुकानाला चिकटून. काचेपलीकडे एक बाई बसायची. माझ्याच वयाची असेल, दोन-चार वर्षांनी लहान. चष्मा गळ्यात दोरीनं अडकवलेला, अंगठ्यावर नोटा मोजायची रबराची टोपी, आणि मधून मधून कोरडा खोकला. तिची खुर्ची बसकी होती, म्हणून तिनं खाली एक जुनं जाडजूड रजिस्टर घेतलं होतं. मला ती पाहताक्षणी ओळखीची वाटली. अशा उशा मीही घेतल्या होत्या, मागच्या चाकावरच्या सीटवर.

तिनं आमच्या नोटा मोजल्या, पावती फाडली आणि तिकडच्या नोटा सरकवल्या. पाच लाखांच्या, कोऱ्या, एकमेकींना चिकटलेल्या. पावतीप्रमाणे बारा हव्या होत्या. मी काउंटरच्या कडेखाली, न बघता, अंगठ्यानं मोजल्या. अंगठा तेराव्या नोटेवर थांबला.

पुन्हा मोजल्या. तेरा.

बाईनं काचेतून अंगठा आणि पहिलं बोट जुळवून वर धरलं आणि हनुवटी उचलली. बरोबर?

वहिनींनीही शेजारून तेच विचारलं. "बरोबर आहेत ना?"

दोघींना मी एकच उत्तर दिलं. मान हलवली.

मनात लगेच कुणी तरी वकील उभा राहिला. काय भराभरा बोलायचा तो. म्हणे, याच गावानं काल पाच लाख नेले, आज याच गावानं परत केले. तुझं काय गेलं, त्यांचं काय गेलं, फिटंफाट. वहिनींचे अकरा गणवेश जागेवर आले, तुझं नाव जागेवर राहिलं. मी त्याचं ऐकत ऐकत दुकानापर्यंत चालले. कात्री घेतली. दुकानदारानं ती कागदात गुंडाळून दिली, वहिनींनी ती पोटाशी धरली.

घरी आल्यावर त्यांनी वर्तमानपत्राची एक पट्टी कापून पाहिली. काय तो आवाज. रेशमावरून वारा गेल्यासारखा. त्या कापत गेल्या आणि काम करताना गुणगुणतात ते गुणगुणत गेल्या. त्यांचं स्वतःचं गाणं आहे ते, मशीनवर बसून जोडलेलं:

सुई जाते निघून, दोरा राहतो मागं,
जिथं टोचलं, तिथलं कापड राहतं जागं.

मी शेकडो वेळा ऐकलं असेल. त्या दिवशी उठून मोरीत गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

भाची कामावरून आली तर वहिनी तिला कात्री दाखवत म्हणत होत्या, "बघ, सगळा खर्च जाऊन कात्रीपुरते निघाले. हिशेब ठेवावा तर तुझ्या आत्यानं."

"आत्या ग्रेट आहे," भाची म्हणाली. "मला वाटलं होतं, एखादी तपकिरी तरी उडवेल."

"उडवेल कशी," वहिनी म्हणाल्या.

*

संध्याकाळी पाव आणायला दोघी खाली उतरलो. खिडकी बंद व्हायची वेळ होती. काचेवरचा पडदा अर्धा खाली आला होता आणि आतला दिवा चालू होता. बाई गल्ला मोजत होती. माझी पावलं आपोआप मंदावली.

तिनं एकदा मोजलं. मग टोपी काढून, अंगठा ओला करून पुन्हा मोजलं. मग ड्रॉवर अख्खा बाहेर ओढला आणि त्याच्या पोकळीत हात घालून चाचपलं. ती पोकळी मला पाठ आहे. माझ्या पिशवीलाही तळाशी शिवण उसवलेली एक जागा होती, आणि कमी पडलेला पैसा तिथं अडकला असेल अशी आशा मी कित्येक संध्याकाळी केली आहे. तिच्या मागे एक माणूस येऊन उभा राहिला, टाय लावलेला. ओरडला नाही तो. नुसतं एक रजिस्टर उघडून तिच्यापुढे धरलं आणि कुठं सही करायची ते बोटानं दाखवलं. बाईनं सही केली. मग टेबलाखालून स्वतःची पर्स काढली.

मोठी नोट तिच्यापाशी नव्हती. हिरव्या निघाल्या, निळ्या निघाल्या. चुरगळलेल्या, बाजारहाटाच्या. एकेक सरळ करून ती ढिगावर ठेवत होती. मध्ये तिला खोकला आला, तेव्हा एका हातानं तोंड धरलं आणि दुसऱ्या हातानं नोटा दाबून धरल्या, उडू नयेत म्हणून.

"बिचारी," वहिनी म्हणाल्या. "दिवसभर दुसऱ्याचे पैसे मोजायचे आणि जाताना स्वतःचे. चला, पाव संपतील."

मी चालायला लागले. मनातला वकील कुठं गेला होता कोण जाणे. त्याच्या जागी पत्र्यावर हाताची थाप पडत होती.

*

निघताना वहिनींनीच माझ्या परकराला आतून एक चोरकप्पा शिवून दिला होता. त्यात माझ्या पेन्शनचे थोडे पैसे होते, आपल्याकडच्या नोटा, अडीअडचणीला. सकाळी भाची कामावर गेली. वहिनी आंघोळीला गेल्या तेव्हा मी तो कप्पा उसवला. वहिनींचा टाका, वहिनींच्याच नव्या कात्रीनं. फार सुरेख उसवला.

"कुठं निघालात?"

"थोडे पैसे बदलून आणते."

"कालच तर बदलले."

"असू देत हाताशी."

"मग थांबा, मीपण येते. गुडघा मोकळा होईल." त्या नको म्हटलं तर ऐकणाऱ्यातल्या नव्हेत.

खिडकीत तीच बाई होती. काल रात्री फारशी झोपली नसावी. मी माझ्या नोटा सरकवल्या, तिनं मोजल्या, आणि तीन मोठ्या तपकिरी नोटा आणि काही सुटे माझ्यापुढे ठेवले. आज तिनं प्रत्येक नोट बोटांत चुरून, वेगळी करून मोजली. तीनदा.

मी त्यातली एक मोठी नोट उचलली आणि तिच्याकडे परत सरकवली.

तिनं ती घेतली, दिव्यासमोर धरली, उलटसुलट पाहिली. आतला धागा दाखवला. मी मान हलवून नको म्हटलं. तिनं ती ठेवली आणि दुसरी कोरी काढून दिली.

मी तीही परत सरकवली.

"काय झालं?" वहिनी कुजबुजल्या. "फाटकी आहे का?"

"नाही."

बाईच्या कपाळावर आठी आली. ती काहीतरी बोलली, मग तिलाच काहीतरी सुचलं. तिनं मोठी नोट ड्रॉवरमध्ये टाकली आणि पन्नास हजारांच्या दहा लहान तपकिरी नोटा मोजून माझ्यापुढे मांडल्या. तिला वाटलं, मला सुटे हवेत.

सुटे. बावीस वर्षांनी एका परक्या बाईनं, न मागता, माझ्या हातावर सुटे ठेवले होते. माझ्या मागे रांग लागली होती. कुणीतरी घसा खाकरला. माझ्याकडे त्या देशाचा एकही शब्द नव्हता. आणि खरं सांगायचं तर माझ्या भाषेतही ते शब्द मला कुठं येत होते?

तेव्हा हातालाच सुचलं. बटव्यातून कालची पावती काढली. काउंटरला दोरीनं बांधलेलं पेन घेतलं. पावती पालथी घातली आणि तीस वर्षं तिकिटांमागे लिहिलं तसं लिहिलं: पाचावर पाच शून्यं. भोवती गोल. खाली बारा लिहून त्यावर काट मारली आणि शेजारी तेरा लिहिलं. ती पावती आणि त्या दहा नोटा मी एकत्र काचेखालून सरकवल्या.

बाईनं चष्मा नाकावर चढवला. पावतीची मागची बाजू वाचली, मग पुढची, मग तारीख. मग कालच्या पावत्यांचं पुस्तक काढलं आणि त्यातली प्रत शोधून त्या आकड्यावर बोट ठेवून बसून राहिली. तिच्या मानेवर हळूहळू लाली चढत गेली. तिनं नोटा मोजल्या. दहा. त्या गल्ल्यात न टाकता टेबलाखालच्या पर्समध्ये ठेवल्या, आणि पर्स मिटल्याचा बारीक आवाज काचेतूनही ऐकू आला.

आता ती हसेल, असं मला वाटलं होतं. हात जोडेल, किंवा त्यांच्यात जे काय करत असतील ते करेल. त्यासाठीच आले होते की काय मी? ती हसली नाही. तिनं अंगठ्यावरची रबराची टोपी काढली, अंगठा आणि पहिलं बोट जुळवून काचेसमोर धरलं आणि हनुवटी उचलली. अगदी कालच्यासारखी.

काल मी हे विचारलं होतं, ती म्हणत होती. काल तू मान हलवलीस.

मला आज मान हलवता आली नाही. खाली गेली, ती तशीच राहिली.

मग तिनं पावतीच्या मागे, माझ्या गोलावर, शिक्का मारला आणि पावती मला परत दिली. पुढच्या माणसाला तिनं बोटानं जवळ बोलावलं.

*

औषधाच्या दुकानापुढे एक बाक होता. वहिनी बसल्या, मीही बसले. मग माझ्या गुडघ्यावर थोपटून म्हणाल्या, "काल जास्त आले होते होय. आणि घरी गेल्यावर तुमच्या लक्षात आलं, म्हणून स्वतःचे पैसे मोडून परत केलेत. मला सांगायचं तरी. तुमच्या जागी मी असते ना, वन्सं, गप्प बसले असते. कोण येणार होतं मागायला? म्हणून मी सगळ्यांना सांगते, आमच्या वन्संच्या हातून एक पैसा—"

"वहिनी, थांबा."

त्या थांबल्या.

"घरी गेल्यावर नाही आलं लक्षात. तिथंच आलं होतं. तिनं विचारलं बरोबर का, तुम्ही विचारलंत बरोबर का, तेव्हा अंगठा तेराव्या नोटेवर होता."

वहिनींचा हात माझ्या गुडघ्यावर होता, तो तिथंच राहिला.

"आणि त्याच्या आदल्या दिवशी बागेतून येताना मी त्या गाडीवाल्याला पाच लाखांची नोट दिली. पन्नासची समजून. पट्टी करून ठेवली होती ना, शून्यं दिसलीच नाहीत. भाचीनं बजावलं होतं तरी. तुमचे अकरा गणवेश मी रस्त्यात टाकून आले आणि तुम्हाला सांगितलं, हिशेब झाला. कात्री तुम्ही घेतलीत ती या बाईच्या पैशानं. काल संध्याकाळी ती पर्समधून काढत होती ना, ते त्याच नोटेचे. पैसे तिचे. नोट मी घेतलेली."

समोरून एक बाई पोरीचा हात धरून गेली. औषधाच्या दुकानाचं दार उघडलं, मिटलं. वहिनींनी माझ्या बाहीवर चिकटलेला एक दोरा चिमटीत धरून काढला. चोरकप्प्याचा असणार. त्यांनी तो ओळखला, बोटावर गुंडाळला, आणि टाकला नाही.

"गाडीवाल्याचं तेव्हाच सांगायचंत," त्या म्हणाल्या. "मी काय खाल्लं असतं तुम्हाला? अकरा गणवेश म्हणजे चार दिवसांचं काम. कात्रीनं तीन दिवसांत होईल."

"हो."

"त्या बाईला तुम्ही पदरचे भरायला लावलंत, ते वाईट केलंत. ते मी नाही बरं म्हणणार." मग त्यांचा आवाज मऊ झाला. त्यांचा आवाज मऊ झाला की मला नेहमी भीती वाटते. "पण परत गेलात. काचेपुढे उभ्या राहिलात. माणूस चुकतं, वन्सं. आणि तुमचं तर काय, तीस वर्षं पैशातच हात, आणि सगळ्या जन्मात हे पहिल्यांदा. पहिल्यांदा चुकलेल्याला देवही—"

"पहिल्यांदा नाही."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं.

पावती अजून माझ्या हातात होती. गोलावरचा शिक्का अजून ओला होता, अंगठ्याला जांभळी शाई लागली होती. मी अंगठा पदराला पुसला. पुसला गेला नाही.

"तुम्ही माहेरी निघाला होतात," मी म्हणाले. "पुढच्या बाकावर बसला होतात. माझी गाडी होती, सकाळची पहिली. फाट्यावरून गाडी सुटली तेव्हा तुम्ही मान वळवून मला विचारलंत, कुणी हाक मारली का. आठवतं?"

"आठवतं की. पत्रा वाजत होता."

"पत्रा नव्हता वाजत, वहिनी. एक म्हातारी होती. तिचे पैसे राहिले होते. तिनं हाक मारली, आणि मी ती ऐकली होती."